कासवाच्या टाकीतला साल्मोनेला (हगवणीचा जंतू) असा धरायचा

पोट्टं हगवणीनं बेजार अन् घरात हौसेचं लाल कानाचं कासव असलं, की मी आधी टाकीचं पाणी मागतो. यवतमाळकडच्या उन्हात नमुना बर्फाच्या डब्यातच आणा, राजेहो. पेप्टोन पाण्यात (जंतू वाढवायचं पोषक पाणी) 37 अंशांवर रात्रभर ठेवा. (लाइट गेली की आमचा इन्क्युबेटर म्हणजे नुसता डबा!) मग निवडक माध्यमातून (यात बाकीचे जंतू दबतात) काढून एक्सएलडी आगरवर (जंतू वाढवायची जेलीसारखी थाळी) लूपनं, म्हणजे तारेच्या कडीनं, रेघा ओढा. जंतूंची लालसर वसाहत अन् मधोमध काजळाचा ठिपका दिसला, की संशय पक्का. पोट्ट्याच्या संडासचा नमुना औषध सुरू होण्याआधीच घ्या, त्यालाही हेच करा. दोन्हीकडच्या जंतूंचा डीएनए सिक्वेन्सिंगला (अक्षरं क्रमानं वाचायला) पाठवा. जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, सुमारे 48 लाख अक्षरांचा. दोन्हींत मोजकीच अक्षरं वेगळी निघाली, तर उगम बहुधा एकच. तोवर टाकीची बादली मोरीत धुऊ नका, अंगणात धुवा.