मॉडेलचा डेटा शेअर करताय? या चुका टाळा

‘डेटा पाठवतो’ म्हणून कुणी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांची साधी फाइल) पाठवली की माझं डोकं उठतं.

सीएमआयपी-६ हा जगभरच्या हवामान मॉडेलांचा सामायिक प्रकल्प; त्याचा डेटा ईएसजीएफ या ऑनलाइन भांडारात नेटसीडीएफ प्रकारच्या फाइलींत असतो, तो हौस म्हणून नाही. एकक, ग्रिड (नकाशावरची चौकटींची जाळी), कॅलेंडर सगळं हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत असतं. सीएसव्ही केली की ते गळून पडतं.

आमच्याकडे एकाने यूकेईएसएम या ब्रिटिश मॉडेलचा तीस वर्षांचा रोजचा पाऊस असाच सीएसव्ही करून सगळ्यांच्या फोल्डरात टाकला. या मॉडेलचं वर्ष ३६० दिवसांचं, प्रत्येक महिना ३० दिवसांचा. म्हणजे ३० फेब्रुवारीसुद्धा आहे! पायथनने ती तारीख नाकारली, तर पठ्ठ्याने मूळ तारखाच उडवल्या आणि आपल्या कॅलेंडरच्या तारखा ओळीने चिकटवल्या. दरवर्षी सव्वापाच दिवस सरकले. दहाव्या वर्षी १ जूनचा पाऊस एप्रिलच्या मध्यावर, तिसाव्या वर्षी थेट नव्या वर्षाच्या तोंडावर. फाइल दुसरीने उचलली आणि ‘मान्सून लवकर येतोय’ असा आलेख घेऊन माझ्याकडे आली. पेढे तेवढे आणायचे राहिले होते. त्या आलेखावर तिचे तीन आठवडे गेले होते.

पायथनच्या सीएफटाइम या लायब्ररीला ३६० दिवसांचं वर्ष कळतं, पण ते शिकायला लागणारा अर्धा तास कुणाकडे नसतो. मी कुणाचीही फाइल आली की आधी एनसीडंप या कमांडने नुसतं हेडर वाचतो. आलेख नंतर.

दुसरी खोड आवृत्तीची. ईएसजीएफवर चूक सापडली की जुनी आवृत्ती मागे घेतात आणि नवी येते, पण फाइलचं नाव बहुतेक वेळा तेच राहतं. आवृत्तीची तारीख असते ती फोल्डरच्या नावात, आणि उतरवून घेताना नेमकं तेच हरवतं. हेडरमधला ट्रॅकिंग आयडी (त्या फाइलचा स्वतःचा ओळखक्रमांक) वहीत लिहून ठेवा. हो, वहीत.

या फाइलींत पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असतो. ८६४०० ने गुणलं की दिवसाचे मिलिमीटर. गुणून पाठवलात तर हेडरमधलं एककही बदला, नाहीतर पुढचा पुन्हा गुणतो.

रेखांश ० ते ३६० की उणे १८० ते १८०, हे बघा. मुंबई दोन्हीकडे ७३ वरच, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. ब्राझील पश्चिम रेखांशावर, त्याचा आकडा मात्र बदलतो, आणि ब्राझीलवाल्याला कोरा नकाशा दिसतो.

ड्राइव्हची लिंक शोधनिबंधात देऊ नका. झेनोडो या संशोधनाचा डेटा जपणाऱ्या संकेतस्थळावर ठेवा, डीओआय म्हणजे कायमचा ओळखक्रमांक मिळतो. दुरुस्ती करायची तर ‘नवी आवृत्ती’ काढा, वेगळी नोंद नको. आणि ‘फायनल२_खरंच’ अशी नावं ठेवणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.