घरातलं कुत्रं-मांजर थकलंय, आता उरलेले दिवस चांगले कसे घालवायचे

डॉक्टर म्हणाले "वय झालंय, बघू किती साथ देतो" की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते अजून मुंबई-पुण्याला दाखवू, दुसरी म्हणते आता त्याला आवडेल ते खाऊ घाला, आणि या भांडणात त्या बिचाऱ्याचा आजचा दिवस कसा गेला हे बघायचं राहूनच जातं. माझं मत सरळ आहे, आधी दुखणं, मग रोजच्या सवयी, आणि फोटो-बिटो, फिरणं-बिरणं त्याच्यानंतर. त्याच क्रमाने लिहितेय.

१) डॉक्टरांना प्रश्न विचारा, नुसतं औषध घेऊन येऊ नका

आजार पुढे कसा वाढेल, अचानक बिघडलं तर काय दिसेल, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, तुम्ही घरी येता का. हे लिहून न्या, तिथे गेल्यावर काही सुचत नाही. मोठ्या तपासण्यांसाठी मुंबईला, परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं चाललं असेल तर एकच विचारा, रिपोर्ट आल्यावर उपचार बदलणारेत का? बदलणार नसतील तर नाशिकहून कसारा घाटातून त्या जिवाला तासन्तास हेलपाटा कशाला.

२) दुखतंय का ते ओळखा

कुत्रं दुखलं की केकाटतं असं आपल्याला वाटतं पण जुनाट दुखणं गुपचूप असतं. जिना चढायला नको म्हणतं, रात्री उगाच धापा टाकतं, जागा बदलत राहतं, एकच सांधा चाटत बसतं. मांजर तर त्याहून चिवट, ते फक्त ओट्यावर उडी मारणं सोडतं, अंग चाटणं सोडतं, केस गुंतायला लागतात, आणि आपण म्हणतो म्हातारी आळशी झाली. झोपेत असताना एक मिनिट श्वास मोजायची सवय लावा, शांत झोपेत सतत ३० च्या वर जायला लागले तर डॉक्टरांना कळवा, हार्टचा पेशंट असेल तर लगेचच.

आणि प्लीज, घरातली गोळी देऊ नका. क्रोसिनची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कॉम्बिफ्लाममध्ये जे आयबुप्रोफेन असतं त्याने कुत्र्याला अल्सर होतो, किडनी जाते. जनावरांची वेदनेची औषधं वेगळी असतात, डॉक्टरांकडून मागून घ्या, मागायला लाजू नका.

अर्धं दुखणं तर घरातल्या चकचकीत टाइल्समुळे असतं. पाय घसरतो म्हणून ते उठायलाच घाबरतं. त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंज्या, योगा मॅट, जुनी पायपुसणी, काय असेल ते टाका, घर वाईट दिसलं तर दिसू दे. पंज्याखालचे केस आणि नखं कापा, भांडी छोट्या स्टुलावर ठेवा, मांजराचा ट्रे कमी काठाचा घ्या. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची थंडी सांध्यांना फार लागते, त्यामुळे खाली गोणपाट, वर जाड गोधडी, आणि सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात उचलून ठेवायचं. उठतच नसेल तर दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर होतात, आणि पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही, म्हणून शेपटीखाली आणि मांड्यांमध्ये रोज टॉर्च मारून बघायचंच.

३) खाऊ घाला, पण बघून

शेवटी-शेवटी लाड करावेसे वाटतात ते बरोबरच आहे. पण आपल्या नाशकात घरोघरी ज्या दोन गोष्टी हमखास असतात त्याच कुत्र्याला विष आहेत, द्राक्षं आणि कांदा. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी किडनी फेल होऊ शकते, किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, आणि कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला, रक्तातल्या लाल पेशी फोडतो, मांजराला तर जास्तच. म्हणजे मिसळीचा रस्सा, फरसाण, भाजीतलं ग्रेव्हीचं बोट, सगळं बाद. उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन, दही-भात चालतो, किडनीचा किंवा डायबेटिसचा पेशंट असेल तर आधी विचारून. खात नसेल तर थोडं कोमट करून द्या, वास आला की पुष्कळदा तोंड लावतात.

४) कालनिर्णयवर खुणा करा

रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात चांगला दिवस असेल तर टिक, वाईट असेल तर फुली, बास. आपलं मन काल शेपूट हलवली एवढंच लक्षात ठेवतं, आणि आधीचे सगळे उपाशी दिवस विसरतं. जास्त नीट बघायचं असेल तर अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी केलेली एक मोजणी आहे, दुखणं (यात श्वासही येतो), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं, आणि वाईटपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना ० ते १० मार्क द्यायचे, १० म्हणजे उत्तम. बेरीज ३५ च्या वर असेल तर साधारण ठीक चाललंय. घरातल्या दोघांनी वेगवेगळे मार्क द्या, फरक बघून दचकाल.

५) फिरणं

पांडवलेणीच्या पायऱ्या आता विसरा. अ‍ॅक्टिव्हावर पुढे उभं राहून जायची सवय असली तरी आता तोल जातो, कारने किंवा ओळखीच्या रिक्षाने न्या. सकाळी लवकर सोमेश्वरच्या बाजूला, नाहीतर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जा, आणि चालवू नका, हुंगू द्या. एकाच झुडपापाशी दहा मिनिटं उभा राहिला तरी त्याचं फिरणं झालं. विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके असतील तेव्हा मात्र घरी आतल्या खोलीत, पंखा चालू, दार लावून, आणि कुणीतरी सोबत बसा.

६) आठवणी

फोटोशूटपेक्षा जमिनीवर आडवं पडून त्याच्या उंचीवरून व्हिडिओ काढा. घोरण्याचा आवाज, बेल वाजल्यावरचं भुंकणं, हे रेकॉर्ड करून ठेवा, फोटोत ते येत नाही. पंज्याचा ठसा आत्ताच घ्या.

७) शेवटचं आधी ठरवा

हे कुणालाच नको असतं पण तो बरा असतानाच बसून बोला, की काय झालं म्हणजे आपण थांबायचं. पाणी सोडलं, श्वास लागला, उठता येईना आणि घाणीतच पडून राहायला लागला, अशा दोन-तीन गोष्टी कागदावर लिहा, कारण त्या रात्री कुणाचंच डोकं जागेवर नसतं. झोपेचं, म्हणजे शांत मरण देणारं इंजेक्शन पशुवैद्यच देतात, साधारणपणे आधी गुंगीचं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा मोठा श्वास किंवा झटका येऊ शकतो, लघवी होते, हे आधीच माहिती असलं की तो अजून जिवंत आहे असं वाटून घाबरायला होत नाही. डोकं मांडीवर घेऊन बसा. "नैसर्गिक मरण येऊ दे" म्हणणाऱ्या नातेवाइकांना त्याच्याजवळ रात्रभर बसायला सांगा.

पुरायचं कुठे किंवा दहन कुठे, याची चौकशीही आत्ताच करा, महापालिकेत आणि तुमच्या डॉक्टरांकडे. स्वतःच्या मळ्यात पुरणार असाल तर विहीर आणि नदीपासून लांब, खड्डा चार फूट तरी खोल, इंजेक्शनच्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि भटक्या कुत्र्यांनी उकरलं तर त्यांनाही बाधतो.

मुलांना "तो झोपला" असं सांगू नका, लहान पोरं मग झोपायला घाबरतात. मेला असंच सांगा, रडू द्या. घरात दुसरं जनावर असेल तर त्याला एकदा हुंगू द्या, तेही काही दिवस शोधत फिरेल, कमी जेवेल. कुत्र्याने दोन दिवसांत तोंड नाही लावलं तर डॉक्टरांना दाखवा, मांजराच्या बाबतीत एवढं थांबू नका, दिवसभर काहीच नाही खाल्लं की फोन करा, उपाशी मांजराचं लिव्हर फार पटकन बिघडतं.