या चुका टाळा: टॅरोचं पान आणि हिब्रू अक्षर जुळवताना

टॅरो या पत्त्यांच्या संचातल्या मोठ्या मालिकेची (मेजर आर्काना) 22 पानं आणि हिब्रूची 22 अक्षरं. आकडा जुळला की नवशिक्याच्या हाताला खाज सुटते. इंटरनेटवरून एक तक्ता उचलला, दुसऱ्या पुस्तकातून राशी घेतल्या, तिसरीकडून ग्रह, आणि झाली वही तयार. अशी वही दहा पानांनंतर स्वतःशीच भांडू लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोन परंपरा एकाच तक्त्यात कोंबणं. फ्रेंच गूढविद्या-लेखक एलिफास लेव्हीने 1850च्या दशकात पॅरिसमध्ये मांडलेल्या क्रमात मॅजिशियनला आलेफ, हाय प्रीस्टेसला बेत, असं करत 20व्या जजमेंटला रेश मिळतं. बिनआकड्याचा ‘द फूल’ शेवटून दुसरा, म्हणून त्याला शिन, आणि वर्ल्डला ताव. 1889 साली त्याच वाटेने जाणाऱ्या ओस्वाल्ड विर्थने काढलेल्या 22 पानांवर अक्षरं याच क्रमाने आहेत. लंडनमध्ये 1888 साली सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने मात्र फूलला शून्य देऊन रांगेच्या तोंडाशी बसवलं आणि आलेफ त्याला दिलं. त्यामुळे मॅजिशियनपासून जजमेंटपर्यंत प्रत्येक पान एक घर पुढे सरकलं.

गंमत अशी की वर्ल्डला ताव दोन्हीकडे आहे. घाईत तपासणारा शेवटची ओळ बघतो, ती जुळते, आणि मधली 20 पानं चुकलेली असूनही तो निर्धास्त होतो. तपासायचंच तर डेथचं पान बघा. लेव्हीकडे ते मेम, गोल्डन डॉनकडे नून. मेम हे जलतत्त्वाचं अक्षर, नून वृश्चिकेचं. डेथसमोर मेम आणि वृश्चिक असं दोन्ही लिहिलेलं दिसलं, तर तो तक्ता दोन घरचा पाहुणा आहे. दुरुस्त करत बसू नका, वही फाडा आणि नवी सुरू करा. आणि पहिल्याच ओळीत परंपरेचं नाव लिहा. नाव नसलेला तक्ता आम्ही तरी उघडून बघत नाही.

गोल्डन डॉनसाठी हिशेब सोपा आहे: पानाचा आकडा अधिक 1 म्हणजे अक्षराचा क्रमांक, अधिक 11 म्हणजे जीवनवृक्षावरच्या (कब्बाला या ज्यू गूढपरंपरेतल्या आकृतीवरच्या) मार्गाचा क्रमांक. दहा सेफिरोत, म्हणजे वृक्षावरची स्थानं, पहिले 10 क्रमांक घेतात, म्हणून मार्ग 11 ते 32. पण हे सूत्र डोळे मिटून लावलं की दुसरी ठेच लागते. मार्सेय या जुन्या फ्रेंच संचात जस्टिस 8वं आणि स्ट्रेंग्थ 11वं. सूत्राप्रमाणे जस्टिसला तेत, म्हणजे सिंह रास! तराजू हातात घेतलेली बाई सिंहेत आणि सिंहाचा जबडा धरणारी तुळेत. याच कारणाने गोल्डन डॉनने या दोन पानांची अदलाबदल केली, आणि 1909च्या रायडर संचात ती छापली गेली. अ‍ॅलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्या-लेखकाच्या थॉथ संचात आकडे परत जुने (जस्टिसचं नाव अ‍ॅडजस्टमेंट, स्ट्रेंग्थचं लस्ट), अक्षरं मात्र गोल्डन डॉनचीच. वर त्याने एम्पररला त्सादी आणि स्टारला ‘हे’ अक्षर दिलं. म्हणजे थॉथमध्ये सूत्र चार पानांवर फसतं. म्हणून पान नावाने आणि चित्राने ओळखायची सवय लावा. आकडा त्यानंतर.

रायडर संचातल्या व्हील ऑफ फॉर्च्यूनवर ‘योद, हे, वाव, हे’ ही अक्षरं दिसतात. ती देवाच्या नावाची आहेत, पानाची नव्हेत. तिथलं योद बघून ‘व्हील म्हणजे योद’ लिहिणारे बरेच. योगायोगाने लेव्हीच्या क्रमात ते खरंही ठरतं, म्हणून चूक पकडली जात नाही. गोल्डन डॉनमध्ये तिथे काफ हवं.

आता खास आपल्याकडची चूक: देवनागरीवरून अंकमूल्य काढणं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. आपल्या ‘त’मध्ये तेत (9) आणि ताव (400) दोन्ही बुडतात, ‘क’मध्ये काफ (20) आणि कोफ (100), ‘अ’मध्ये आलेफ (1) आणि आयिन (70). ‘एमेत’, म्हणजे सत्य, हे आलेफ, मेम, ताव असं लिहितात: 1, 40 आणि 400 मिळून 441. शेवटी तेत धरलं तर 50. ‘तोरा’ (ज्यूंचा धर्मग्रंथ) या शब्दाची बेरीज 611, तेत धरलं तर 220, आणि शेवटचं ‘हे’ विसरलं तर अजून 5 कमी. मराठी लिप्यंतरावरून हिशेब करू नका, मूळ लेखन समोर ठेवा. उच्चारावरही विसंबू नका, आजच्या हिब्रूत तेत आणि ताव कानाला सारखेच लागतात.

बेत-काफ, दालेत-रेश, हे-हेत या जोड्या घ-ध, भ-म यांच्यासारख्या फसवतात. दालेतचे 4, रेशचे 200. आठवडाभर रोज हाताने गिरवा, अ‍ॅपवर बघून उपयोग नाही.

पानाचा आकडा म्हणजे अक्षराचं मूल्य नव्हे. गोल्डन डॉनमध्ये मून 18वं, त्याचं कोफ 100.

अक्षरांच्या रांगा उजवीकडून वाचा. हे सांगावं लागतं, हेच दुःख.

‘सेफर येत्सिरा’ या अक्षरांवरच्या जुन्या हिब्रू ग्रंथामध्ये 3 मातृअक्षरं, 7 दुहेरी, 12 साधी अशी विभागणी आहे. टॅरोचा त्यात उल्लेखही नाही. शिवाय सात ग्रहांची वाटणी पाठागणिक बदलते: एका प्रचलित पाठात बेत शनीचं आणि ताव चंद्राचं, तर गोल्डन डॉनमध्ये बेत बुधाचं आणि ताव शनीचं. त्यामुळे ‘येत्सिरानुसार’ असं लिहिण्याआधी कोणता पाठ ते बघा.

‘टॅरो हा शब्द तोरावरून आला’ हे वाक्य तर वहीत येऊच देऊ नका. ही पानं 15व्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी बनली आणि त्यांना आधी त्रिओन्फी म्हणत. तारोक्की हे नाव 16व्या शतकाच्या सुरुवातीला दिसतं. हिब्रू अक्षरांशी त्यांची सांगड पहिल्यांदा छापून आली ती 1781 साली, फ्रेंच लेखक कूर द जेबलँच्या ग्रंथात समाविष्ट झालेल्या कोंत द मेले यांच्या निबंधात.