लिनक्सशेजारी बीएसडी बसवताय? पार्टिशनच्या या चुका टाळा

डेबियन या लिनक्सच्या शेजारी ओपनबीएसडी (बीएसडी घराण्यातली एक ऑपरेटिंग सिस्टिम) बसवायचं असेल तर आधी डोळे मिटून एंटर दाबायची खोड मोडा. त्याचा इन्स्टॉलर प्रश्नामागून प्रश्न विचारतो, बहुतेक ठिकाणी चौकटी कंसातलं उत्तर चालून जातं. मग डिस्कची पाळी येते. डिस्कवर ओपनबीएसडीचं पार्टिशन, म्हणजे त्याच्यासाठी कापलेला भाग, आधीपासून नसेल, तर तिथलं आयतं उत्तर असतं अख्खी डिस्क.

माझ्या एका मित्राने त्याच तालात तिथेही एंटर हाणलं. ‘खरंच करू का?’ असं कोणी विचारत नाही, पार्टिशनचं टेबल (कोणता भाग कुठून कुठे याची नोंद) त्याच क्षणी नव्याने लिहिलं जातं. नशीब, पुढे आपोआप आखणीची यादी पाहून त्याला डेबियन कुठेच दिसेना, तेव्हा त्याने मशीन बंद करून मला फोन लावला. नव्या फाइलसिस्टिम (फाइली मांडायची रचना) बनल्या नव्हत्या, म्हणून टेस्टडिस्क या प्रोग्रामने जुनी पार्टिशनं हुडकता आली. ‘व्हिडिओत तर दहा मिनिटांत झालं होतं!’ हे त्याचं पालुपद रात्रभर चालू. अरे बाबा, व्हिडिओतली डिस्क कोरी होती.

मी लिनक्समध्येच जीडिस्क या पार्टिशनच्या प्रोग्रामने जागा कापून तिला ए६०० हा ओपनबीएसडीचा प्रकार-कोड देतो. मग इन्स्टॉलर स्वतःच ‘ओपनबीएसडी एरिया’ सुचवतो. आणि त्याआधी एसजीडिस्क या त्याच्या जोडीदाराने टेबलाचा बॅकअप पेनड्राइव्हवर. त्याच डिस्कवर ठेवणारेही भेटलेत मला.

दुसरा हट्ट म्हणजे दोन्ही सिस्टिमना सामाईक होम फोल्डर. डेबियनच्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १०००, फ्रीबीएसडीच्या (ही बीएसडी घराण्यातलीच दुसरी) १००१, की लगेच स्वतःच्याच फाइलींवर ‘परमिशन डिनाइड’. आकडे जुळवले तरी नव्या फायरफॉक्सने उघडलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स नाकारतो. होम वेगवेगळंच ठेवा. देवाणघेवाणीला एक्स्ट२ या साध्या, जुन्या फाइलसिस्टिमचं पार्टिशन पुरतं. जर्नल (बदलांची नोंदवही) नाही म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत.

बाकीचं थोडक्यात. फ्रीबीएसडीच्या इन्स्टॉलरमधला ‘ऑटो झेडएफएस’ (झेडएफएस फाइलसिस्टिमची आपोआप आखणी) अख्खी डिस्क घेतो, शेजाऱ्याची विचारपूस करत नाही. एमबीआर या जुन्या पद्धतीचं टेबल असलेल्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशनं चारच, आणि फ्रीबीएसडीला त्यातलंच एक लागतं, लॉजिकल (दुसऱ्या पार्टिशनच्या पोटातलं) चालत नाही. ओपनबीएसडीच्या डिस्कलेबलमधलं (त्याच्या आतल्या विभागांच्या यादीतलं) ‘सी’ म्हणजे सबंध डिस्क, त्याला हात लावू नका. झेडएफएस पूल (झेडएफएसची साठवणीची जागा) दोन्हीकडून वापरत असाल तर ‘झेडपूल अपग्रेड’ची घाई नको, जुन्या आवृत्तीला तो पूल कदाचित उघडताच येणार नाही. लिनक्स हायबरनेट करून (चालू स्थिती डिस्कवर जपून बंद करून) दुसरीकडून त्याच पार्टिशनवर लिहिणाऱ्यांचे फोन मी हल्ली उचलत नाही.