शुगरच्या पेशंटला डोळ्याच्या पडद्याची तपासणी कशी पटवून द्यावी

विदर्भातल्या कुठल्याही गावात शुगरच्या पेशंटला डोळे तपासले का विचारा, उत्तर ठरलेलं आहे: "मले तं साफ दिसते, मंग कायले तपासू?" आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा बचत गटाच्या ताई यांनी घ्यायच्या बैठकीचा सगळा जोर या एका वाक्याला उत्तर देण्यावर हवा. मधुमेहाने डोळ्याच्या आतला पडदा खराब होऊ लागतो तेव्हा डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि दिसतंही नीट. दिसायला कमी लागतं तोवर बरंच नुकसान झालेलं असतं, आणि गेलेली नजर बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही. बाकीचं सांगायचं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची बैठक ठेवू नका. रोजी बुडवून कोणी येणार नाही, आणि येऊ नये असंच आम्हालाही वाटतं. संध्याकाळी सातनंतर, समाज मंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर, दहा-बारा पेशंट पुरेत. प्रत्येकासोबत घरचं एक माणूस हवंच: जी स्वयंपाक करते ती सून, किंवा जो मोटारसायकल चालवतो तो मुलगा. तपासणीला नेणारं माणूस बैठकीत नसेल तर पेशंटला पटूनही तो घरीच राहतो.

'डायबेटिक रेटिनोपॅथी' (मधुमेहाने होणारा पडद्याचा दोष) हा शब्द सुरुवातीला काढू नका. आधी दाखवा. त्यासाठी हातभर लांबीची बारीक प्लास्टिकची नळी, 10 मिलीची बिनसुईची सिरिंज, एक टाचणी, पांढरं सुती फडकं आणि ग्लासभर पाण्यात कालवलेला खायचा लाल रंग एवढं लागतं. सिरिंजचं तोंड नळीत घट्ट बसतं का ते घरीच बघून घ्या. नळीचं दुसरं टोक दुमडून दोऱ्याने करकचून बांधा. आधी नळी तशीच फडक्यावर धरून रंगाचं पाणी हळूच ढकला. फडकं कोरडं राहतं. मग टाचणीने पाच-सहा छिद्रं पाडा आणि पुन्हा ढकला. पांढऱ्या फडक्यावर लाल ठिपके उमटतात, पसरतात, एकमेकांत मिसळतात. तेव्हा सांगा: फडकं म्हणजे डोळ्याचा पडदा, नळी म्हणजे त्याच्यावरची केसासारखी रक्तवाहिनी. वाढलेली साखर वर्षानुवर्षं तिची भिंत कमजोर करते, मग ती झिरपते. पुढे काही वाहिन्या बुजतात आणि त्यांच्या जागी नव्या, फार नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्त आलं की नजर अचानक जाते. सिरिंज जोरात दाबली की छिद्रांतून पाणी उडतं. बीपी वाढलं की नुकसान लवकर का होतं, हे तेवढ्यात कळतं. रंगासाठी कुंकू वापरू नका. ते विरघळत नाही, छिद्रात अडकतं आणि ऐन वेळी काहीच झिरपत नाही.

यानंतर प्रत्येकाला एक डोळा तळहाताने झाकायला लावा. बोटांनी दाबायचं नाही, नाहीतर तो डोळा उघडल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. उघड्या डोळ्याने खिडकीच्या गजांकडे बघायचं, मग दुसऱ्या डोळ्याने. गज वाकडे दिसले, मध्येच पुसट डाग दिसला, तर त्याची तपासणी पुढे ढकलायची नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा खराब डोळ्याला झाकून घेतो, म्हणून पेशंटला वर्षभर पत्ता लागत नाही. मात्र गज सरळ दिसले म्हणजे पडदा चांगला, असं कुणी समजून घरी जाता कामा नये. हे तोंडाने दोनदा सांगा.

कधी तपासायचं? चाळिशी-पन्नाशीत होणारी नेहमीची शुगर निघाली की लगेच, कारण ती सापडण्याआधी कित्येक वर्षं अंगात असू शकते. पडदा चांगला निघाला तरी दर वर्षी. दोष निघाला तर डॉक्टर सांगतील तेवढ्या महिन्यांनी. लहानपणी किंवा तरुणपणी इन्सुलिन सुरू झालेल्यांची पहिली तपासणी शुगर निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात पडद्याचा दोष झपाट्याने वाढू शकतो.

सगळ्यात मोठा गोंधळ मोतीबिंदूचा. शिबिरात ऑपरेशन झालं, आता डोळ्याचं काम संपलं, असं लोक धरून चालतात. मोतीबिंदू पुढच्या भिंगात असतो, हा दोष मागच्या पडद्यावर. भिंग बदललं तरी पडदा तोच राहतो. चष्म्याचंही तसंच: साखर वर-खाली होत असताना नंबर बदलत राहतो, म्हणून साखर काही आठवडे स्थिर झाल्यावरच नंबर काढावा.

तपासणीच्या दिवसाबद्दल नीट वेळ देऊन सांगा, कारण लोक इथेच बिचकतात. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, त्यांना अर्धा तास लागतो. मग चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यात खुपतं. हे आधी सांगितलं नाही, तर पेशंट गावात येऊन सांगतो, "थेंब टाकले अन् नजर गेली," आणि पुढचे दहा जण जात नाहीत. गाडी स्वतः चालवायची नाही, सोबत माणूस न्यायचं, दुपट्टा किंवा काळा चष्मा ठेवायचा. जेवून आणि नेहमीची गोळी-इन्सुलिन घेऊन जायचं. रक्ताच्या तपासणीसारखं उपाशी जायचं असं समजून कुणी गोळी घेऊन उपाशी बसलं, तर रांगेतच साखर उतरून घाम आणि चक्कर येते. फाईल, चालू गोळ्या, जुना चष्मा सोबत. काचबिंदू असेल तर थेंब टाकण्याआधी सांगायचं. जायचं कुठे, तर आधी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारा. पुढच्या उपचारासाठी जिल्हा रुग्णालय किंवा नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम इथली मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत.

पडद्याच्या दोषावर लेझर आणि डोळ्यातलं इंजेक्शन हे उपचार आहेत, त्यांच्याबद्दल खरं तेच सांगा. इंजेक्शनआधी डोळा बधिर करतात. पडद्याची सूज उतरून काहींना बरं दिसतं, पण ते एकदाच देऊन भागत नाही. लेझर उरलेली नजर वाचवण्यासाठी असतं. "लेझरनंतर साफ दिसेल" असं कुणी सांगितलं की पेशंट दुसऱ्या वेळी येत नाही. आंधळ्या डोळ्यांचे फोटो दाखवून घाबरवू नका. घाबरलेला माणूस "आता काय उपयोग" म्हणून घरी बसतो.

अचानक काळे ठिपके किंवा जाळं तरंगू लागलं, पडदा ओढल्यासारखं झालं, एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी निघायचं. आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची नाही. मध, झाडपाल्याचा रस, काहीही डोळ्यात घालायचं नाही.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी (रक्ताची HbA1c तपासणी) बहुतेकांना 7 टक्क्यांच्या आसपास आणि बीपी निदान 140/90 च्या खाली हवं. वयस्कांसाठी डॉक्टर वेगळा आकडा ठरवतात. बिडी आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडायचा, रक्तवाहिन्यांसाठी दोन्ही वाईट.

शेवटी "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "काका, घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल?" उत्तरात "दिसत असलं तरी तपासायचं" हे आलं नाही, तर फडकं पुन्हा काढा. मग वहीत चार रकाने: नाव, शुगर कोणत्या वर्षी निघाली, पडदा शेवटचा कधी तपासला, आता कोणत्या तारखेला कोणासोबत जाणार. तारीख त्यांच्या फाईलवरही लिहा. आदल्या संध्याकाळी फोन करा, आणि तारखेनंतर आठ दिवसांत घरी जाऊन कागद बघा. बैठकीला किती आले याचा आकडा वर पाठवायला ठीक आहे, पण काम झालं का ते चौथा रकाना सांगतो. जो गेला नाही त्याला रागावू नका. गाडी मिळाली नाही, वेचणी होती, सोबत कोणी नव्हतं, यातलं काय आडवं आलं ते विचारा आणि दोन-तीन जणांना एकाच दिवशी, एकाच एसटीने पाठवा.