फोटोवरून उठाव कोरताय? या चुका टाळा

गणपतीचा छान फोटो मिळाला, तो ग्रेस्केल केला, सॉफ्टवेअरला ‘उजळ ते उंच, काळं ते खोल’ असं सांगितलं आणि फळीवर उठावाचं शिल्प कोरायला राउटर चालू केला. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रावर, लाकूडकाम करणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. मीही इथूनच केली. फोटो शेंदूर लावलेल्या मूर्तीचा होता. चांदीचे डोळे कपाळाच्याही वर सुळक्यासारखे आले, बुबुळांच्या जागी भोकं पडली, सोंडेची उजेडाकडची कड उंच आणि दुसरी फळीत बुडालेली. सहा तास मशीन चाललं आणि सागाची चांगली फळी वाया गेली.

सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं होतं. आपण सांगितलं तेच मुळात खरं नव्हतं.

उजेडावरून उतार कळतो, उंची कळत नाही

बाकीच्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून निघतात, म्हणून इथे जरा थांबू या. खडबडीत, न चकाकणारा पृष्ठभाग किती उजळ दिसेल हे त्यावर उजेड किती तिरका पडतो यावर ठरतं. गणितज्ञ लॅम्बर्टने 1760 साली हा नियम मांडला. उजेड अगदी समोरून पडला तर पूर्ण उजळपणा, पृष्ठभाग 60 अंशांनी कलला तर निम्मा. म्हणजे फोटोतला ठिपका सांगतो तो दिव्याच्या मानाने इथला कल. ती जागा फळीपासून किती मिलिमीटर वर आहे, हे त्या ठिपक्यात नसतंच.

डावीकडून उजेड घेऊन एका सुपारीचा वरून फोटो काढा. सर्वांत उजळ भाग डावीकडे दिसेल, पण सर्वांत उंच जागा मधोमध आहे. ‘उजळ ते उंच’ करणारं सॉफ्टवेअर या सुपारीची डावी कड उंच आणि उजवी खोल कोरणार. मग हा समज इतका पक्का का? कारण लिथोफेनमध्ये, म्हणजे उजेडासमोर धरून पाहायच्या पातळ कोरीव पाटीत, तो खरोखर चालतो. तिथे मागून उजेड येतो, पातळ जागा उजळ आणि जाड जागा काळी दिसते, म्हणून उजळपणाची थेट जाडी करता येते. कोरीवकामात मात्र उजेड समोरून पडतो आणि गणित बदलतं.

छायेवरून आकार काढायचं हे गणित बर्टोल्ड हॉर्न यांनी 1970 साली एमआयटीतल्या प्रबंधात नीट मांडलं. अडचण साधी आहे. ठिपक्यागणिक आपल्याकडे आकडा एकच असतो, उजळपणाचा. आणि उताराला दोन आकडे लागतात, आडव्या दिशेचा नि उभ्या दिशेचा. उरलेली माहिती गृहीत धरावी लागते: पृष्ठभाग एकाच रंगाचा आहे, चकाकत नाही, सलग आहे, दिवा कुठे होता ते ठाऊक आहे. तुमचा फोटो यांतल्या कशात बसत नाही ते आधी पाहा. निम्मे बिघाड तिथेच सापडतात.

फोटो काढतानाच होणारे घोटाळे

शेंदूर, कुंकू, गंध, चांदीचे डोळे, दगडावरचं शेवाळ: हे सगळे रंगाचे फरक आहेत, पण सॉफ्टवेअरला ते उतार वाटतात. शक्य असेल तर रंग नसलेली प्रत वापरा. मूर्तीच्या साच्यातून काढलेली प्लॅस्टरची प्रत सगळ्यांत उत्तम.

तेल लावलेल्या मूर्तीवर चकाकीचे पांढरे ठिपके येतात आणि लॅम्बर्टचा नियम तिथे लागूच होत नाही. दिव्यापुढे आणि लेन्सपुढे एकमेकांना काटकोनात फिरवलेले पोलरायझिंग फिल्टर लावले की दगड-लाकडावरची चकाकी जाते. पितळेला याचा उपयोग नाही. शिल्प देवळातलं किंवा गावच्या वेशीवरचं असेल, तर ‘मॅट’ करण्यासाठी त्यावर खडू, पीठ किंवा पावडर कृपा करून लावू नका. वीरगळांवरची अक्षरं वाचायला खडू फासलेला मी पाहिला आहे. तो बारीक छिद्रांत जाऊन बसतो, आणि वीरगळ पुन्हा कोणी घडवून देणार नसतो.

हातानाकाची पडलेली सावली हीसुद्धा उतार नाही. ती कोरली तर गालावर खड्डा येतो.

आणि मॉडेल आतबाहेर उलटंच आलं तर? नाक आत, पार्श्वभूमी बाहेर? दिव्याची दिशा चुकीची भरली असणार. उजेड वरून येतो असं आपला मेंदू धरून चालतो, बरीच सॉफ्टवेअरंही तसंच धरतात. खालून उजेड पडलेला उंचवटा वरून उजेड पडलेल्या खड्ड्यासारखाच दिसतो. सह्याद्रीची उपग्रहचित्रं पाहताना हे कधी अनुभवलं असेल: उत्तर वर असते, सकाळचं ऊन आग्नेयेकडून म्हणजे चित्रात खालून येतं, आणि डोंगररांगा दऱ्यांसारख्या दिसतात. चित्र उलटं धरलं की सगळं जागेवर येतं. फोटो काढतानाच दिव्याची जागा कागदावर लिहून ठेवा.

एका फोटोचा हट्ट सोडा

मूर्ती समोर आहे, हात पोचतो, तर एकाच फोटोतून सगळं काढायचा अट्टहास कशाला? रॉबर्ट वुडहॅम यांनी 1980 साली मांडलेली पद्धत घरच्या टेबलावर होते. कॅमेरा तिपाईवर घट्ट, एक्सपोजर हाताने ठरवून कायम ठेवलेलं, आणि दिवा दर वेळी वेगळ्या दिशेला. गणिताला तीन फोटो पुरतात. मी सहा ते आठ घेतो, म्हणजे एखाद्यात सावली पडली तर त्या जागेपुरता तो सोडून देता येतो. यात शेंदराचा रंग आणि पृष्ठभागाचा उतार वेगळे होऊन हाती येतात, म्हणून ही पद्धत मला जवळची वाटते.

इथली हमखास चूक म्हणजे दिवा फार जवळ धरणं. मग एका कडेला जास्त उजेड पडतो आणि सपाट पाटीही घुमटासारखी फुगते. दिवा वस्तूच्या लांबीच्या निदान तिप्पट-चौपट अंतरावर ठेवा. चौकटीत एक चकचकीत काळी गोळी ठेवली, तर तिच्यावरच्या चमकेवरून दिव्याची दिशा नेमकी काढता येते. उतार जोडत जोडत उंची काढताना छोट्या चुका साठत जातात, म्हणून आधी एका सपाट फरशीवर सगळी प्रक्रिया करून बघा. फरशी वाटीसारखी आली तर मूर्तीही तशीच येणार.

फाइलमधल्या चुका

गालावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या पायऱ्या दिसत असतील, तर फाइल 8 बिटची आहे. तीत 256च पातळ्या असतात. 10 मिमी खोलीच्या कामात एक पायरी साधारण 0.04 मिमीची होते. ऐकायला नगण्य वाटते, पण 40 मिमी रुंद गालात चढ फक्त 0.4 मिमीचा असेल तर त्यात दहाच पायऱ्या, प्रत्येक 4 मिमी रुंद. पॉलिश केल्यावर तिरक्या उजेडात त्या स्पष्ट दिसतात. हाइटमॅप (ठिपक्याचा उजळपणा म्हणजे तिथली उंची असं चित्र) पहिल्यापासून 16 बिटमध्ये बनवा. 8 बिटची फाइल नुसती 16 बिट करून नव्या पातळ्या येत नाहीत.

चौकोनी खरखर दिसली तर ती जेपेगची: हा प्रकार चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे तुकडे करून दाबतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कोरायला घेऊ नका, मूळ फाइल मागवा.

नेहमीच्या फोटोत उजळपणाचे आकडे डोळ्यांच्या सोयीसाठी वाकवलेले असतात. 255 पैकी 128 म्हणजे निम्मा उजेड नसून जेमतेम 22 टक्के असतो. उताराचं गणित रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या मूळ, न वाकवलेल्या आकड्यांवर) किंवा आकडे सरळ करूनच करा. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये हाइटमॅप लावताना याच कारणाने कलर स्पेस ‘नॉन-कलर’ ठेवायची. तिथे डिस्प्लेस (हाइटमॅपप्रमाणे बिंदू वरखाली करणारी सोय) लावूनही काहीच हललं नाही, तर जाळीत बिंदूच पुरेसे नसतात: चार कोपऱ्यांच्या पाटीला उठाव येणार कुठून?

नॉर्मल मॅपवर (ठिपक्याचा कल रंगात साठवणाऱ्या चित्रावर) खाचा वर आणि कडा आत दिसल्या तर हिरवा चॅनेल उलटा करा. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालींच्या त्याबाबतच्या रीती उलट आहेत.

एआयने एका फोटोवरून काढलेली खोली हल्ली सहज मिळते. ढोबळ आकाराला ती चांगली आहे. पण मिडाससारख्या मॉडेलचे आकडे मिलिमीटर नसतात, आणि जवळचं मोठं, लांबचं लहान अशा उलट प्रमाणात येतात. कोरीव पट्ट्यावर तर बरेचदा शिल्पाऐवजी शिल्पातलं दृश्य मोजलं जातं, आणि मागचा हत्ती खरोखरच दूर उभा राहतो.

शेवटी प्रश्न उरतो खोलीचा. बेलह्यूमर, क्रिगमन आणि युइल यांनी 1999 मध्ये दाखवलं, की दिव्यांची दिशा ठाऊक नसेल तर चपटा केलेला उठाव आणि भरीव शिल्प हुबेहूब सारखे फोटो देऊ शकतात. देवळाच्या भिंतीवरची बोटभर उठावाची अप्सरा समोरून भरीव वाटते, त्यामागे हेच आहे. ही खोली कुठल्याही स्लायडरने सापडत नाही. मूर्तीजवळ असतानाच व्हर्नियरने नाकाचा शेंडा ते कान एवढं एक अंतर मोजा आणि ते फाइलच्या नावातच लिहा. मग त्या मापाने मॉडेल ताणा, संगणकात मूळ जागी दिवा ठेवून त्याचं चित्र काढा आणि फोटोशेजारी ठेवून पाहा. सावल्या जुळल्या की आधी एमडीएफच्या तुकड्यावर एकदा कोरून पाहा. सागाची फळी त्यानंतर.