दाशीच्या मागोमाग: जपान खायला निघालेल्यांसाठी

माझ्याकडे नागोयाला कुणी यायचं ठरलं की आधी फोनवर यादी येते. सुशी, रामेन, टेम्पुरा, माचा आइस्क्रीम, आणि कुठल्या दुकानासमोर किती वाजता रांगेत उभं राहायचं. आठ वर्षं इथे राहून माझं उत्तर ठरलेलं आहे: यादी बाजूला ठेवा, दाशीच्या मागे जा.

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकातलं मूळ पाणी. कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ, वाळवलेला मासा किंवा सुकी शिइताके अळंबी यांचा स्वाद उतरवलेलं. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, नूडल्सचा रस, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची गुंडाळी, सगळ्यात ती असते आणि कशातच दिसत नाही. मुख्य म्हणजे गाव बदललं की दाशी बदलते. टोकियो, ओकाझाकी, क्योटो, कोयासान, ताकामात्सु एवढा रस्ता धरा. दहा दिवस पुरतात. वाटेत सुशीही मिळेल, रामेनही मिळेल, त्यांची काळजी करू नका.

टोकियोत पहिली सकाळ निहोनबाशीत घालवा. कोरेदो मुरोमाची इमारतीत निन्बेन या १६९९ पासूनच्या कात्सुओबुशीच्या, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या, व्यापाऱ्यांचा दाशी बार आहे. कपभर गरम दाशी घ्या. पहिला घोट तसाच. पाणचट वाटेल, वाटू द्या. मग चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा प्या. पहिल्या घोटात नुसताच वास आलेला असतो, दुसऱ्यात तो वास चव होऊन जिभेच्या कडांना धरून बसतो. या चवीला ‘उमामी’ हे नाव इकेदा किकुनाए या टोकियोतल्या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये दिलं. कोम्बुच्या पाण्यातून त्यांनी ग्लुटामेट वेगळं काढलं होतं. पुढे १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्याने वाळवलेल्या माशातलं इनोसिनेट शोधलं. ही दोन एकत्र आली की चव नुसती दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून तर शेवाळ आणि मासा एकाच पातेल्यात पडतात.

कात्सुओबुशीचा अख्खा तुकडा हातात घेऊन बघाच. कात्सुओ मासा उकडून, काटे काढून, दिवसेंदिवस धुरावर वाळवतात; उंची प्रकारावर मुद्दाम बुरशी चढवून उन्हात घालतात, पुन्हा चढवतात, पुन्हा उन्हात. काही महिन्यांनी तो लाकडासारखा होतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणकन वाजतात. मग सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर किसून त्याचे गुलाबी पापुद्रे काढायचे. हे किसणं त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात डोळ्यांसमोर दिसतं. तिथला घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसुला गेला, टूनाचा लिलावही तिकडेच होतो. त्सुकिजीत आता बाहेरच्या गल्ल्या उरल्यात आणि त्या मस्त आहेत. सकाळी आठपर्यंत पोहोचा, दुपारनंतर पडदे ओढले जातात. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. लिलाव पाहायचाच असेल तर जवळच्या सज्जासाठी आधी सोडतीत नाव द्यावं लागतं. मी एकदा पाहिला. पुन्हा पहाटे उठून जावंसं वाटलं नाही. किसणाऱ्याच्या हाताकडे मात्र अजूनही तासभर बघत बसते.

टोकियो सोडण्याआधी एक छोटी गोष्ट करा. कुठल्याही कोम्बिनीतून, म्हणजे छोट्या किरकोळ दुकानातून, निस्सिन कंपनीच्या दोनबेइ उदोनचा (गव्हाच्या जाड झटपट नूडल्सचा) डबा घ्या आणि ओसाकाला पोहोचल्यावर तसाच दुसरा घ्या. डबा एकसारखा दिसतो, पण पूर्वेकडच्या डब्यावर बारीक ‘ई’ असतो आणि पश्चिमेकडच्यावर ‘डब्ल्यू’. पूर्वेचा रस काळसर, माशाची आणि शोयूची (सोया सॉसची) चव वर आलेला. पश्चिमेचा फिकट सोनेरी, कोम्बुकडे झुकलेला. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) उत्तरेकडच्या होक्काइदोचा कोम्बु जहाजांनी जपानच्या समुद्राच्या कडेकडेने ओसाकाला उतरायचा, त्यामुळे पश्चिमेच्या स्वयंपाकघरात तो आधी रुजला. हा सगळा इतिहास तुम्हाला दोन डब्यांत मिळतो.

ओकाझाकीला प्रवासी सहसा उतरत नाहीत. तुम्ही उतरा. नागोयाहून मेइतेत्सुच्या गाडीने ओकाझाकी-कोएन-माए स्टेशन गाठा. पुढे जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेला तोकुगावा इएयासु जिथे जन्मला तो किल्ला इथेच. किल्ल्यापासून आठ ‘चो’ (अंतराचं जुनं माप) अंतरावरचं गाव ते हाच्चो, आणि इथला मिसो तो हाच्चो मिसो. काकुक्यू आणि मारुया ही दोन जुनी घराणी समोरासमोर आहेत, दोन्हीकडे कोठारं दाखवतात. सोयाबीन, मीठ, पाणी, एवढंच. माणसाहून उंच देवदारी पिंपात सुमारे सहा टन मिसो आणि त्यावर नदीतल्या गोट्यांचा सुमारे तीन टनांचा ढीग, शंकूसारखा रचलेला, चुना-सिमेंट काही नाही. दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे तो तसाच दाबून ठेवतात. कोठारात शिरलात की काही बोलू नका, नुसता श्वास घ्या. आंबूस, तुरट, जुन्या लाकडाचा वास. त्या रात्री नागोयात लाल मिसोचं सूप मागवा आणि दोन दिवसांनी क्योटोत पांढऱ्या गोडसर मिसोचं. एकाच नावाचे हे पदार्थ किती लांबचे आहेत ते तेव्हा कळेल.

क्योटोत मी प्रत्येकाला एक स्वयंपाकवर्ग करायला लावते. सुशी वळायचा नको, घरगुती जेवणाचा हवा: एक सूप, तीन पदार्थ आणि भात, म्हणजे ‘इचिजू सानसाइ’. २०१३ मध्ये युनेस्कोने ‘वाशोकु’ला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तो वारसा बघायचा तर अशा एखाद्या घरातच. नोंदणी करताना विचारा, ‘दाशी आम्ही स्वतः काढणार का?’ तयार दाशी देणार असतील तर दुसरा वर्ग शोधा.

मी ज्या बाईंकडे शिकले त्यांचं स्वयंपाकघर चार पावलांचं होतं. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बु त्यांनी आदल्या रात्रीच टाकलेला. कोम्बुवरची पांढरी भुकटी पुसायची नाही, त्यातच चव असते. पातेलं मंद आचेवर चढलं. तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरायला लागले तशी त्यांनी माझी कोपर हलकेच दाबली: आता काढ. उकळी फुटली की शेवाळाचा चिकट, कडवट वास पाण्यात उतरतो. मग एक उकळी, गॅस बंद, मूठ-मूठ करून कात्सुओबुशी. पापुद्रे तरंगतात, ओले होतात, खाली बसतात. दोनेक मिनिटांत फडक्यातून गाळायचं. मी सवयीने फडकं पिळायला गेले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पिळायचं नाही. जेवढं आपण होऊन खाली येईल तेवढंच घ्यायचं. वाटीतलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचं नक्षीकाम मोजता येत होतं.

त्याच दिवशी निशिकी बाजारात जा. सुमारे चारशे मीटरची अरुंद, छत घातलेली गल्ली. चालता-चालता खायचं नाही, ज्या दुकानातून घेतलं त्याच्यासमोर उभं राहून संपवायचं आणि काडी-कागद त्याच दुकानात परत द्यायचा. कोम्बुच्या दुकानात रिशिरी कोम्बु मागा. क्योटोच्या स्वयंपाक्यांची पसंती त्याला, कारण रस स्वच्छ उतरतो. वजनाला हलका, वर्षानुवर्षं टिकणारा, बॅगेत सांडत नाही. इथूनच न्यायचा तर न्या. काइसेकी, म्हणजे एकामागून एक छोटे पदार्थ येणारी खास मेजवानी, खायची असेल तर दुपारची घ्या. तेच स्वयंपाकघर, रात्रीपेक्षा बरेच कमी पैसे. आरक्षण करून न जाणं इथे फार वाईट समजतात, आणि त्याच दिवशी रद्द केलंत तर बहुधा पूर्ण रक्कम द्यावी लागते. जुलैत आलात तर वाटीत हामो मासा असेल. त्याचे बारीक काटे काढता येत नाहीत, म्हणून कातडीला धक्का न लावता सुरी मिलिमीटरभर अंतराने चालवतात. सरावलेला हात तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस काप घेतो असं म्हणतात.

आता शाकाहाऱ्यांसाठी, कारण निम्मे फोन त्यांचेच असतात. माझी आई कट्टर शाकाहारी. पहिल्या वेळी ती आली तेव्हा एका छोट्या खाणावळीत मी ‘मांस नको, मासा नको’ एवढंच सांगितलं. त्यांनी प्रेमाने भाज्यांची वाटी आणून ठेवली. आईने अर्धी खाल्ली, मग तिला वास आला. भाज्या माशाच्या दाशीत शिजवलेल्या होत्या. त्यांच्या लेखी त्यात मासा नव्हताच, मासा गाळून टाकलेला होता. आई काही बोलली नाही, पण पुढचे दोन दिवस ती भात आणि फळांवर राहिली, आणि ते मला अजून टोचतं. म्हणून हे वाक्य पाठ करा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन.’ मांस-मासे खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाकडून ते जपानीत लिहून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. पुष्कळ ठिकाणी नकार मिळेल. तो खरेपणाने दिलेला नकार असतो, वाईट वाटून घेऊ नका.

आणि मग कोयासानला जा. ओसाकाच्या नाम्बाहून नान्काइची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबल कार, वर बस. कुकाइ या बौद्ध भिक्षूने ८१६ मध्ये वसवलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव. पन्नासेक मठांत पाहुण्यांना राहता येतं. दोन जेवणांसह माणशी पंधरा ते वीस हजार येन धरून ठेवा. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण येतं, उशिरा पोहोचून चालत नाही. हे शोजिन-र्‍योरी: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बुची आणि शिइताकेची. दुसऱ्या वेळी आईला मी इथे आणलं. गुडघ्याएवढ्या लाल लाखेच्या मेजांवर वाट्या मांडलेल्या. गोमा-दोफु म्हणजे तिळाचं दूध कुझू या वेलीच्या मुळाच्या पिठाबरोबर घोटून थापलेली वडी. नावात तोफू आहे, सोयाबीन नाही. वर वासाबीचा एक ठिपका. चॉपस्टिक लावली की ती थरथरते आणि तोंडात टाळ्याला चिकटून सावकाश विरते. शेजारी कोया-दोफु, म्हणजे डोंगरातल्या थंडीत गोठवून वाळवलेलं तोफू, पुन्हा भिजवून दाशीत शिजवलेलं. चावलं की स्पंजासारखा रस सोडतं. आईने प्रत्येक वाटी संपवली. झाकणं जशी होती तशी परत ठेवली आणि म्हणाली, ‘यांना विचार, सूप आणखी मिळेल का.’

सकाळी ओकुनोइन या दफनभूमीत सहाच्या आत पोहोचा. सुमारे दोन किलोमीटरची वाट, दोन लाखांहून जास्त समाध्या, उंच देवदार. श्रद्धा अशी की कुकाइ ८३५ पासून तिथे ध्यानात बसलेले आहेत, म्हणून त्यांना रोज दोनदा जेवण जातं, सकाळी सहाला आणि साडेदहाला. पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन येतात, आधी आजिमी जिझो, म्हणजे चव पाहणाऱ्या जिझो या बौद्ध देवतेसमोर थांबतात आणि मग पूल ओलांडतात. पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, टोपी काढायची.

रस्त्यात कामाला येतील अशा थोड्या गोष्टी. रोख येन जवळ ठेवा, छोट्या जागी कार्ड चालेलच असं नाही. बक्षिशी देऊ नका, ती परत करायला लोक मागे धावत येतात. इझाकायात, म्हणजे जपानी मद्यालयात, बसल्या-बसल्या न मागवलेली एक वाटी येते, ती ‘ओतोशी’. तिचे माणशी तीनशे-पाचशे येन बिलात लागतात, वाद घालू नका. चॉपस्टिक भातात उभ्या रोवायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत. दहनानंतर अस्थी अशाच एका चॉपस्टिकमधून दुसरीत देत उचलतात. सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्सच्या) दुकानात शेवटी लाकडी किंवा लाखेच्या भांड्यात गरम पांढरट पाणी येतं. ते सोबायु, नूडल्स उकडलेलं पाणी. उरलेल्या रसात ओतून प्या.

शेवटचा टप्पा ताकामात्सु. ओकायामाहून मरीन लायनर गाडी सेतो समुद्रावरच्या पुलावरून तासाभरात नेते. खिडकीकडची जागा घ्या. इथली दाशी इरिकोची, म्हणजे वाळवलेल्या छोट्या मासळीची, आणि उदोन खायची पद्धत वेगळीच. ट्रे उचला, ‘काके, शोऽ’ म्हणा, म्हणजे साधा, छोटा. तीनशे ते साडेचारशे येन. काही दुकानांत नूडल्सचं भेंडोळं तुमच्या हातात देतात: दांड्याच्या चाळणीत घालून समोरच्या उकळत्या पाण्यात स्वतः दहा-पंधरा सेकंद हलवायचं, पाणी झटकून वाडग्यात टाकायचं. पुढे टेम्पुरा हवा तर उचला, पैसे द्या, आणि मग टाकीच्या तोटीखाली वाडगा धरून दाशी भरा. कांद्याची पात, आलं, कुरकुरीत तळणीचा चुरा आपल्या हाताने घालायचा. शाकाहाऱ्यांनी ‘किजोयु’, म्हणजे नुसत्या शोयूचा उदोन मागावा. पण त्या शोयूत दाशी आहे का ते विचारूनच. दुकानं दुपारी दोन-तीनला, किंवा नूडल्स संपले की त्याआधीच बंद होतात, म्हणून दहा-अकराला जा.

नूडल्स ओढताना आवाज होऊ द्या, तिथे सगळ्यांचा होतो. वाडगा दोन्ही हातांनी उचलून शेवटची दाशी प्या, ट्रे परतीच्या खिडकीत ठेवा आणि आतल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणा, ‘गोचिसोसामा!’ बाहेर पडेपर्यंत आतून उत्तर येतं.